नोय्यलकाठचा काळा-तांबडा वाडगा: कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

काम अंगावर घेतलं. कोडुमणलजवळच्या एका सरकारी शाळेला बारा वाडगे करून द्यायचे. आतून काळे, बाहेरून तांबडे, आणि बाहेरच्या अंगाला काठाखाली दोन बोटं काळी किनार. उत्खननाच्या अहवालांत ज्यांना काळी-तांबडी भांडी म्हणतात तीच ही. आपल्याकडे विदर्भात माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांतही (जुन्या दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) अशीच निघाली आहेत.

शाळेतल्या तमिळच्या बाईंचं म्हणणं एवढंच होतं की पोरं ज्या शेतांतून शाळेत येतात त्या शेतांत दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं, पण त्यातलं एकही भांडं पोरांच्या हातात कधी आलेलं नाही. हातात देण्यासारखं, पडलं तरी चालेल असं काहीतरी त्यांना हवं होतं.

मी तिरुप्पूरला एका निटिंग मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. मूळचा इचलकरंजीचा, इथं सहा वर्षं झाली. कुंभारकामाचा अनुभव शून्य. बाईंचे यजमान माझ्याच मिलमध्ये, चहाच्या वेळी विषय निघाला आणि "दोन महिन्यांत देतो" असं मी बोलून बसलो.

(नंतर घातलेली ओळ: साडेसात महिने लागले. हे करायला निघालेल्यांनी हा आकडा आधी वाचावा.)

१२ नोव्हेंबर, दिवाळी

मिल बंद, म्हणून बाईक काढून कोडुमणल गाठलं. तासाच्या आत पोचतो. ईरोड जिल्हा, चेन्निमलैच्या पश्चिमेला, नोय्यलच्या उत्तर काठावर. नोय्यल कोइमतूरकडच्या वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावते आणि पुढे कावेरीला मिळते.

गाव बघून हे काही विशेष आहे असं वाटत नाही. कौलारू घरं, शेतं, वेडी बाभूळ, मधेच दगडांची वर्तुळं. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं १९८५ पासून इथं खणायला घेतलं. २०१२-१३ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाच्या के. राजन यांनी पुन्हा खणलं, त्यानंतर राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं. निघालं ते सगळं कारागिरांचं: मणी घडवण्याची जागा, लोखंड-पोलादाच्या भट्ट्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, सूत कातायच्या चात्या. वैदूर्य (बेरिल) जवळच्या पडियूरचं, लोखंड चेन्निमलैच्या बाजूचं. चात्यांचं वाचून मला बरं वाटलं. तिरुप्पूरचा धंदा वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे म्हणायचा. संगम साहित्यातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ कवितांमधल्या, पदिट्रुप्पत्तु या संग्रहात ६७ आणि ७४ या दोन गाण्यांत 'कोडुमणम' असा या गावाचा उल्लेख आहे, तोही इथल्या दागिन्यांसाठी.

आता चूक. मातीचा नमुना घ्यायला म्हणून मी बाईकला लहान कुदळ बांधून नेली होती. शेताच्या बांधाशी उभा राहिलो तोच एक म्हातारे गृहस्थ हातातली काठी आपटत आले. कोण, कुठले, कुणाची परवानगी. त्यांचं बरोबर होतं. इथं अनोळखी माणूस कुदळ घेऊन आला की गावाला एकच शंका येते. बाईंना फोन लावला, त्यांनी समजूत काढली, मग त्याच गृहस्थांनी घरी नेऊन दिवाळीचा मुरुक्कु खायला घातला. कोंगू भागातली तमिळ फार अदबशीर, प्रत्येक क्रियापदाला 'ंग' लावतात. रागावले तरी 'अहो-जाहो'च करतात. आमच्या इचलकरंजीत याच प्रसंगी काय ऐकायला मिळालं असतं ते लिहीत नाही.

नियम एक: कोडुमणलच्या शिवारात खणायचं नाही. नियम दोन: जमिनीवर पडलेलं खापरसुद्धा उचलायचं नाही, फोटो काढायचा आणि पुढं जायचं.

१९ नोव्हेंबर

कुंभार सापडला. चेन्निमलैच्या वाटेवरच्या एका खेड्यात नवरा-बायको अजून चाक चालवतात. साठीचे असतील. मी त्यांना अण्णा आणि आक्का म्हणायला लागलो, आणि त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, कोल्हापूरकडं आम्ही तेच म्हणतो. ते मला तंबी म्हणतात.

अण्णांनी सरळ नाही म्हटलं. पोंगलच्या मडक्यांची ऑर्डर आहे, जानेवारीच्या मध्यापर्यंत हात रिकामा नाही. माती विकत मागितली तर तीही नाही. त्यांची माती तळ्यातली, परवानगी काढून वर्षातून एकदाच भरून आणलेली, ती पोंगललाच पुरेल की नाही अशी धास्ती. मी म्हटलं, मग मी नदीची घेतो. नदीकाठचं गाव, त्या लोकांनी नदीचीच वापरली असणार.

अण्णा म्हणाले, "अदु उप्पु मण्णु, तंबी. वेंडांग."

उप्पु म्हणजे मीठ हे मला माहीत होतं. मिठाची माती, नको. मला वाटलं, जुन्या माणसांचं काहीतरी असतं.

२६ नोव्हेंबर

उत्खननाच्या जागेपासून चांगलं लांब, एका शेतकऱ्याच्या नदीलगतच्या बांधावरून, त्याला विचारून, दोन पोती गाळमाती आणली. काळपट, बारीक, बोटांत घेतली की वळते. वळी करून बोटाभोवती गुंडाळली, तडा गेला नाही. खूश.

घरी गच्चीवर दोन ड्रममध्ये भिजवली, काड्या-मुळ्या काढल्या, मिलमधल्या टाकाऊ जाळीच्या कापडातून गाळली. आणि अर्ध्या तासात माती खाली बसून वर नितळ पाणी! मी कुठंतरी वाचलं होतं की चांगली बारीक माती बसायला दिवस-दिवस लागतात. माझी अर्ध्या तासात बसली याचा मी अभिमान बाळगला. हा अभिमान लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१० डिसेंबर

दोन आठवडे वाया. आपल्या डोक्यात दिवाळी झाली की पाऊस संपला असं पक्कं बसलेलं असतं. इथं ईशान्य मोसमीचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. सहा वर्षं छत्री वापरूनही हे मला गच्चीवर माती वाळवताना आठवलं नाही. ड्रममधली माती वाळून मळण्याजोगी व्हायलाच नऊ दिवस लागले, एकदा तर रात्रीच्या सरीनं पुन्हा चिखल केला.

चाक नाही, म्हणून साचा वापरला. स्टीलचा वाडगा पालथा घालून त्यावर ओलं मलमल, वरून मातीची पोळी थापायची, थोडी आवळली की उतरवायची. सोपं वाटतं. पण माती आळते आणि स्टील आळत नाही, त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त ठेवलं तर वाडगा बुडाला चिरतो. पहिले तीन असेच गेले. नंतर पंचवीस मिनिटांचा अलार्म लावला. एकूण चौदा थापले, त्यात वाळताना पाच तडकले (ते तीन धरून). नऊ उरले.

२४ डिसेंबर

नऊही वाडग्यांवर पांढरी भुकटी आली आहे. काठावर सगळ्यात जास्त, जिथं वारा लागतो तिथं. आधी बुरशी वाटली. ओल्या फडक्यानं पुसली, गेली, दुसऱ्या दिवशी परत. गेरूचा लेप दिला होता, गारगोटीनं घोटून चकाकी आणली होती, त्या सगळ्यावर पांढरा मुलामा.

तरीही भाजले. एका जुन्या पत्र्याच्या ड्रमला खाली भोकं पाडून त्यात तूस, शेणी आणि वेडी बाभूळ. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं की काय जाळताय.

सकाळी काढले तर पांढरा थर पक्का बसलेला, नखानं निघत नाही. लेप पापुद्र्यासारखा सुटतोय. तांबडा रंग कुठं दिसतच नाही, सगळं पिठात लोळवल्यासारखं. नऊपैकी वापरण्याजोगा एकही नाही. बरा दिसणारा एक ठेवला, बाकीचे फोडून कुंडीत घातले.

२७ डिसेंबर

अण्णांचं उप्पु डोक्यातून जाईना. मिलमधून टीडीएस मीटर आणला. रंगाईच्या पाण्यातले क्षार मोजायला आम्ही रोज वापरतो तोच, खिशात मावणारा. २० ग्रॅम कोरडी माती, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, चांगलं हलवून दहा मिनिटं थांबायचं.

नदीची माती: २,३४०.
माझ्या कुंडीतली माती: ४१०.
आक्कांकडून मुद्दाम मागून आणलेली मूठभर तळ्याची माती: २६०.

आता याचं मला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सुती कापडावर रंग चढवायला मीठ लागतं, किलोंनी नाही, पोत्यांनी. तिरुप्पूरच्या डाइंग युनिटांचं ते पाणी वर्षानुवर्षं नोय्यलमध्ये गेलं. कोडुमणलजवळचं ओरत्तुपाळयम धरण १९९२ मध्ये शेतीसाठी बांधलं आणि त्यात साठलं ते हेच पाणी. शेतकरी कोर्टात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं सांडपाणी शून्यावर आणेपर्यंत डाइंग युनिटं बंद ठेवायला सांगितली. हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्या मिलचं कापडही रंगायला जातंच, आणि त्या कोर्टाच्या निकालामुळे काय काय यंत्रणा बसवाव्या लागल्या ते सांगणं माझ्या कामाचा भाग आहे. त्या आधी पंचगंगेच्या काठी वाढलेलो, म्हणजे हा विषय मला शिकवायची गरज नाही. पण बांधावर उभं राहून मातीची वळी करताना मनात फक्त दोन हजार वर्षांपूर्वीची नदी होती. मधली तीस वर्षं मी सोडूनच दिली.

माती झटपट खाली का बसली, तेही आता कळलं. खारट पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लवकर बसतात. आमच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) टाकीत आम्ही दुसरं रसायन टाकून नेमकं हेच करतो. मी रोज बघतो.

७ जानेवारी २०२४

उरलेल्या अर्ध्या पोत्यावर एक प्रयत्न. धुवायचं ठरवलं. पाणी घालून ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं ओतायचं, पुन्हा. प्रत्येक वेळी मीटर लावला.

पहिलं धुणं अर्ध्या तासात बसलं. दुसरं दोन तासांत. तिसरं रात्रभरात. चौथ्यांदा मात्र माती बसेचना. तीन दिवस झाले तरी पाणी चहासारखं गढूळ. मला वाटलं माती बिघडली. उलट होतं, क्षार गेल्यामुळे कण आता सुटे झाले होते. कुणी नदीची माती वापरणारच असेल तर ही खूण लक्षात ठेवावी, मीटर नसला तरी चालेल: माती बसायला वेळ लावायला लागली की ती धुतली गेली.

पण चौथं पाणी बोअरचं होतं आणि बोअरचंच टीडीएस ९००. म्हणजे मीठ काढायला मी मीठच ओतत होतो. आरओचं पाणी लागतं, ते अर्ध्या पोत्याला दीडशे लिटर. इथं हात टेकले. धुतलेली माती गोणीत भरून ठेवून दिली.

२१ जानेवारी

पोंगल झाला. मधल्या दोन आठवड्यांत काही नाही. अण्णांचा निरोप आला, "वांग." म्हणजे, या.

पांढरा वाडगा घेऊन गेलो. अण्णांनी हातात घेतला, जिभेचं टोक लावलं, आक्कांकडं दिला. काही बोलले नाहीत. आक्का मात्र बराच वेळ हसत होत्या.

करार: माती ८०० रुपये, दोघांची मजुरी सगळी मिळून ६,०००, भाजणं मी म्हणेन तसं पण त्यांच्या अंगणात. आत काळं आणि बाहेर तांबडं यावं म्हणून पालथं घालून भाजण्याची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. अण्णांनी जन्मात पालथं घालून मडकं भाजलेलं नाही. त्यांची मडकी लालच, काळी हवी असतील तर धूर कोंडून सगळीच काळी.

४ फेब्रुवारी

मूळ भांडं नीट बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरवून मदुरैजवळच्या कीळडी या उत्खननाच्या ठिकाणच्या संग्रहालयात जाऊन आलो. २०२३ च्या मार्चमध्ये उघडलं, चेट्टिनाड घरांच्या धर्तीवर बांधलंय. कीळडी वैगैकाठचं, कोडुमणल नोय्यलकाठचं, पण या जातीचा वाडगा दोन्हीकडं आहे.

माहिती वाचत बसलो नाही, एकेका भांड्यासमोर वाकून दहा-दहा मिनिटं उभा राहिलो. सुरक्षारक्षक दोनदा फिरकून गेला. बघितलं ते हे: काळं आणि तांबडं यांच्यामधली रेघ सरळ नसते, लाटेसारखी वरखाली होते, आणि तिथं तपकिरी पट्टा असतो. म्हणजे रंगवलेली नाही, आगीनं पाडलेली आहे. आतला काळा रंग सगळीकडं सारखा, बाहेरच्या तांबड्यावर मात्र डाग. काठ बाहेर वळलेला नाही, सरळ आहे आणि टोकाला निमुळता. मी साच्यावर केलेल्या वाडग्यांचा काठ जाड होता, तो चुकीचाच होता.

११ आणि १८ फेब्रुवारी

अण्णांनी एका सकाळी चोवीस वाडगे उतरवले. मला चौदाला चार दिवस लागले होते. चाकावरून काढून अर्धवट वाळल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी फळीनं हलके ठोकायचे, त्यानं भिंत पातळ आणि घट्ट होते. हे काम आक्कांचं.

घोटायचं काम माझ्याकडं. एका वाडग्याला चाळीस मिनिटं. लेप सुकला पण माती अजून दबते अशा वेळी घोटायचं, उशीर झाला की चकाकी येत नाही, नुसते ओरखडे येतात. घोटायला मी एक सुंदर गुळगुळीत गारगोटी वापरत होतो, कोडुमणलच्या वाटेवर मिळालेली. बाई बघायला आल्या होत्या, त्यांनी ती हातातून काढून घेतली. कोडुमणलच्या शेतांतली गारगोटीची चिप म्हणजे मणी घडवणाऱ्यांचा कचरा असू शकतो, म्हणाल्या. नियम दोन मीच केला होता, आणि तो खापरापुरता आहे असं मीच ठरवून टाकलं होतं. पुढच्या फेरीत ती जिथली तिथं ठेवून आलो. पुढचं सगळं घोटणं स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं. काही फरक पडत नाही.

वाळताना तीन तडकले. एकवीस.

२५ फेब्रुवारी, भट्टी पहिली

सहा वाडगे. खड्ड्यात तुसाचा थर, वाडगे पालथे, आत तूस भरलेलं, वर शेणी, वर गवत, आणि वरून चिखलाचा लेप, उष्णता टिकावी म्हणून. मिलमधला थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचा) मागितला तर स्टोअरनं दिला नाही, १,१५० रुपये घालून स्वतःचा घेतला.

सकाळी उघडलं: सहाही वाडगे आतबाहेर काळे कुळकुळीत. एक फुटलेला. चिखलानं वरून हवा बंद केली, मग बाहेरचं तरी तांबडं कशानं होणार? अण्णांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं, "वरून झाकलं तर लाल कसं होईल?" मी त्यांना इंटरनेटवरचं चित्र दाखवलं होतं.

१० मार्च, भट्टी दुसरी

आणखी सहा. या वेळी चिखल नाही. तूस आणि कुटलेल्या शेणीच्या गादीवर पालथे, आत तेच भरलेलं, बाहेरून आणि वरून बाभळीची बारीक फाटी. जाळ उघडा. दीड तासात ७४० अंशांपर्यंत गेलं. जाळ ओसरल्यावर बुडं छान विटकरी दिसायला लागली.

इथं मला धीर धरवेना. थर्मोकपल ५२० अंश दाखवत होता. लांब सांडशीनं एक वाडगा उलटला. आत कोळशासारखा काळा, किनारही पडलेली! ओरडलोच. अण्णा धावत आले. मी तोवर बाकीचेही उलटून ठेवत होतो, फोटोसाठी. दोन मिनिटांत पहिला वाडगा आतून करडा झाला, मग तपकिरी, मग तांबडा. तापलेल्या भांड्याला हवा मिळाली की आतलं काजळ जळून जातं. सहाच्या सहा डोळ्यांदेखत लाल. दोन वाऱ्यानं तडकले.

फोटो मात्र चांगले आले. पहिल्या वाडग्याचे, पहिल्या मिनिटातले.

२४ मार्च, भट्टी तिसरी

सुचलं ते नाइलाजानं. नवे वाडगे आणखी वाया घालवायचे नव्हते, म्हणून दुसऱ्या भट्टीतले उरलेले चार लाल वाडगे पुन्हा घालून बघू म्हटलं. आता बाहेरचं तांबडं आधीच तयार, फक्त आतलं काळं हवं. म्हणजे मोठा जाळ नको, तूस धुमसत राहिलं की झालं.

चार बोटं तुसाची गादी. वाडग्यात तूस आणि शेणाचं पीठ गच्च दाबून भरलं, पालथा केला, काठ दोन बोटं गादीत रुतवला. बाहेरून शेणींचं एकच कडं, बुडं उघडी. संध्याकाळी पाचला पेटवलं. अण्णांनी बजावलं की उद्या सकाळी हात लावून गार लागेपर्यंत कुणी शिवायचं नाही, आणि बजावताना ते माझ्याकडंच बघत होते. त्यांच्या पडवीत झोपलो. रात्री दोनदा उठून लांबून बघितलं.

सकाळी साडेसातला उचलले. तीन पक्के. आत काळे, बाहेर तांबडे, मधे ती लाटेची रेघ. चौथा चिरला होता, पण रंग त्याचाही बरोबर. काठ जितका रुतवला होता तितकीच काळी किनार, दोन बोटं म्हणजे दोन बोटं. एक वाकडा रुतला होता, त्याची किनार एका बाजूला तीन बोटं आहे. कीळडीत बघितलेलं वरखाली होणं बहुतेक असंच आलं असावं.

प्राचीन कुंभार एकदाच भाजत होते की दोनदा, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. मी फक्त माझ्यापुरतं सांगतो: मला दोनदाच जमलं.

एप्रिल

काम बंद. शाळेत परीक्षा, नंतर १९ तारखेचं मतदान आणि बाईंना निवडणुकीची ड्यूटी. अण्णांचा पाण्याच्या माठांचा हंगाम. ऊन असं की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि वाळवायला आता माझ्याकडं काही नाही.

१२ आणि १४ मे, भट्टी चौथी आणि पाचवी

राहिलेले नऊ कच्चे आणि पहिल्या भट्टीतले पाच काळे, असे चौदा आधी उघड्या जाळात लाल केले. काळे वाडगे पुन्हा भाजल्यावर खरंच लाल होतात, त्यामुळे अशी भांडी फेकू नका. एक कच्चा धडाका होऊन फुटला, आत ओल राहिली होती. तेरा.

दोन दिवसांनी तेच तेरा तुसात. संध्याकाळी आभाळ भरून आलं. आक्कांनी पत्रे आणले, आम्ही तिघांनी विटांवर पत्रे ठेवून वरून निवारा केला आणि चारी बाजूंनी हवा जाईल एवढी जागा सोडली. नऊ वाजता वळीव कोसळला. एका कडेला पाणी शिरलं, त्या बाजूचे तीन गेले. दहा चांगले.

तीन आणि दहा, तेरा. बारा हवे होते.

२ जून, खुणा आणि अक्षरं

कोडुमणलच्या खापरांवर खुणा आणि तमिळ-ब्राह्मीतली (तमिळ लिहायला वापरलेल्या ब्राह्मी लिपीतली) अक्षरं शेकड्यांनी सापडली आहेत. बहुतेक भाजल्यावर टोकदार वस्तूनं कोरलेली. त्यात नावं आहेत, आणि एका खापरावर 'निगम' हा शब्द आहे, म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ. हे वाचून मी थांबलो. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताच्या (शक राजा नहपानाच्या जावयाच्या) लेखात 'निगमसभा' आहे. तिथं दान दिल्याचं सभेपुढं वाचून नोंदवलं, इथं कुणीतरी मडक्यावर ओरखडलं. शब्द तोच.

बाईंना मुलांकडून वाडग्यांवर काहीतरी कोरून घ्यायचं होतं. मी अक्षरांचा तक्ता छापून आणला. बाईंनी एक नजर टाकली आणि परत दिला. तक्ता अशोकाच्या ब्राह्मीचा होता. त्यात 'तमिऴ' हा शब्दच लिहिता येत नाही, कारण शेवटचा ऴ त्यात नाही. तमिळ-ब्राह्मीनं तो, आणि आणखी काही वर्ण, स्वतःचे घडवले. नवा तक्ता बाईंनीच हातानं काढला.

कोरून बघायला मी एक वाडगा घेतला. घोटलेल्या अंगावरून खिळा सटकतो. जोर लावला तर पापुद्रा निघतो. अर्ध्या तासात दोन अक्षरं, तिसऱ्याला वाडगा दुभंगला. राहिले बारा. मग फुटलेल्या वाडग्यांच्या खापऱ्यांवर मुलांनी सराव करायचा असं ठरलं, आणि तेच बरं झालं. मूळची अक्षरं बघितली की हात न थरथरता, एका ओढीत काढलेली दिसतात. ते सवयीचं काम होतं.

एक राहून गेलेली गोष्ट इथं लिहितो. वाडगे ओले असतानाच बुडाला साल कोरायला हवं होतं. तिरुप्पूरच्या बस स्टँडवर माझ्या पिशवीतला वाडगा बघून एकानं हळूच विचारलं, "जुना आहे? किती?" त्याच दिवशी बाराही वाडग्यांच्या बुडाला ड्रिलनं '२०२४' घातलं. ओल्या मातीत एका मिनिटाचं काम, भाजल्यावर प्रत्येकी वीस मिनिटं आणि जीव मुठीत.

१६ जून, हिशेब

शाळा उघडल्यावर शुक्रवारी अर्धा दिवस रजा काढून बारा वाडगे पोचवले. पाणी भरू नका, झिरपतात, हे सांगितलं. सांगून होईपर्यंत एकानं नळाखाली धरलाच होता. आतल्या काळ्याला काही झालं नाही.

पेट्रोल ३,२००. मजुरी ६,०००. माती ८००. तूस सहा पोती ३६०. शेणी ४५०. फाटी ९००. थर्मोकपल १,१५०. ड्रम, जाळी, गेरू, किरकोळ ७००. कीळडीची फेरी १,४००. एकूण १४,९६०, म्हणजे वाडग्याला साडेबाराशेच्या आसपास. नदीच्या मातीवर गेलेले दोन महिने यात धरलेले नाहीत.

पुन्हा केलं तर: तळ्याची माती, फेब्रुवारीनंतर, दोन भाजण्या, आणि सकाळपर्यंत हात खिशात.

पांढरा वाडगाही बाईंनी मागून घेतला. त्यांनी त्यावर चिठ्ठी लावली: 'नोय्यलची माती, २०२३'. बाकीच्या बारांवर नुसतं 'कोडुमणल पद्धत' असं आहे.

धुतलेल्या मातीची गोणी अण्णांकडं नेली, त्यांच्या चिखलात थोडी थोडी मिसळून संपेल म्हणून. अण्णांनी ती मातीच्या खड्ड्यापासून लांब, कुंपणाच्या बाहेर ठेवायला लावली. अजून तिथंच आहे, पावसात.